मुक्याचं उत्तर

घाटंजीतल्या आमच्या घरमालकांसमोर कोणी हसलं, की ते आधी त्याचे दात बघत. माणूस काय बोलतोय हे नंतर. सगळी नोकरी गुराढोरांच्या दवाखान्यात गेलेली, बैलाचं वय दातांवरून आणि तब्येत कानांवरून ओळखायची सवय. निवृत्त झाल्यावर समोर बैल यायचे थांबले, माणसं मात्र येत राहिली, तेव्हा सवय माणसांवर घसरली. तुम्ही ‘जरा कणकण आहे’ म्हणालात, तर ते कपाळाला हात लावत नसत, कानाची पाळी चिमटीत धरत. ‘थंड आहे, घरी जा’ असं सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरंच निघे. ते पशुवैद्य नव्हते, पशुवैद्याच्या हाताखालचे होते. पण सारं घाटंजी त्यांना डॉक्टर म्हणायचं आणि त्यांनी ती चूक कधी दुरुस्त केली नाही.

मी त्यांना काका म्हणे. ते मला मास्तरीण म्हणत, कारण त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. उरलेल्या वेळात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. काका दिवसभर माझ्या त्या खोलीतच असत. बशीतून चहा पीत, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माझ्या स्क्रीनवरची धूळ पुसत, आणि मशीन अडकलं की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, ‘बसली वाटते.’ गाय बसली की तिला ओढायचं नसतं, तिच्यापाशी उभं राहायचं असतं, हा त्यांचा सिद्धांत. मशीनलाही तो लागू होता. ते उभे राहत, मी रीस्टार्टचं बटन दाबे, आणि श्रेय त्यांना जाई.

निवृत्तीनंतर त्यांनी माझ्याकडून एक ब्लॉग सुरू करून घेतला होता. नाव ‘आपला गोठा’. त्यावर ते लाळ्या-खुरकुतावर, गोचिडींवर, वासराला पहिला चीक कधी पाजावा यावर लिहीत. वाचणारे मोजकेच, पण एकदा वासराच्या जुलाबांवरच्या लेखाखाली महागावच्या एका गृहस्थांनी प्रतिक्रिया टाकली, की डॉक्टर, माहिती छान आहे, तुमची ओळख दांडगी, मुलासाठी एखादं स्थळ असेल तर कळवा. काकांनी भोळेपणानं त्या मुलाची माहिती फोटोसकट पुढच्या लेखात टाकली. त्या मुलाचं लग्न जमलं. मग काय विचारता. वर्षभरात गोचिडी मागे पडल्या आणि ब्लॉगवर नुसती उपवर मुलंमुली दिसायला लागली. नाव बदलू या, असं मी सुचवलं. काका म्हणाले, लोकांना पत्ता पाठ झालाय, आता गोठाच राहू दे. तेव्हापासून आमच्या तालुक्यात बऱ्याच घरची लग्नं ‘आपला गोठा’वर जमत आली आहेत आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलेलं नाही.

प्रत्येक स्थळाची माहिती काका कशीही लिहीत. कधी उंची राहून जाई, कधी गाव. म्हणून मी ब्लॉगच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यांना जादा रकाने करून दिले. नाव, शिक्षण, जमीन, व्यसन, स्वभाव. प्रत्येक रकान्याला आधीच एक उत्तर भरून ठेवता येतं, त्याला डिफॉल्ट म्हणतात. भरणाऱ्यानं काहीच लिहिलं नाही, की ते उत्तर आपोआप दिसतं. मी शहरातले बायोडाटे समोर ठेवून झकास उत्तरं भरली. व्यसनासमोर ‘निर्व्यसनी’, जमिनीसमोर ‘बागायती’, मुलींच्या स्वभावासमोर ‘सुस्वभावी व गृहकृत्यदक्ष’. काम नीटनेटकं झाल्याचं समाधान मला होतं.

काकांनी एक कोरा फॉर्म उघडून पाहिला. त्यात कोणाचंही नाव नव्हतं आणि तरी एक निर्व्यसनी, बागायतदार मुलगा तयार झाला होता.

‘हे कोणं सांगतलं?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कोणी नाही, काही भरलं नाही तर आपोआप येतं.

‘म्हणजे जो बोललाच नाही, त्याच्यासाठी तू बोलून राह्यली. मुक्याचं उत्तर तू देऊन राह्यली.’

डिफॉल्टला त्यांनी तिथल्या तिथं ‘मुक्याचं उत्तर’ असं नाव दिलं आणि ते बदलायला बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गप्प बसणाऱ्याला चांगलं उत्तर दिलं तर तो जन्मभर गप्पच बसेल. त्याला असं उत्तर द्या, की तो चप्पल घालून धावत यावा. जनावर मुकं असते, माणूस मुका बनते, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि ते दिवसातून एकदा तरी मला ऐकावं लागे. त्या दुपारी ‘निर्व्यसनी’ जाऊन ‘व्यसन: आहे’ आलं. ‘बागायती’चं ‘कोरडवाहू’ झालं. आणि मुलींचा स्वभाव काढून टाकून तिथं काकांनी नवा रकाना घातला, ‘स्वयंपाक’, आणि त्याचं मुक्याचं उत्तर ठेवलं, ‘येत नाही’.

नवी स्थळं तशी दिसायला लागली आणि आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या दारात जत्रा लोटली. आया तावातावानं आल्या. आमची पोरगी पुरणाची पोळी हातावर थापते आणि तुम्ही हे काय लिहून ठेवलं, असं एकीनं विचारलं. काका नम्रपणे म्हणाले, तुम्ही कायले त्रास घेतला, पोरीला पाठवा, ती सांगेल ते लिहू. पोरी आल्या. त्यातल्या बऱ्याच जणींनी ‘येतो’ लिहायला सांगितलं, काही जणी म्हणाल्या, राहू द्या असंच, पाहू कोण येतं ते. काकांना या दुसऱ्या पोरी फार आवडत.

खरी मजा मुलांची होती. आमच्याकडे खर्रा खाणं हे व्यसन आहे हे कोणाला मान्य नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून तोंडात टाकला, की तो विरंगुळा. त्यामुळे मुलं येत आणि छातीठोकपणे सांगत, काका, व्यसन नाही, ते ‘आहे’ काढून टाका. काका चष्मा लावत, मुलाला उजेडात खिडकीपाशी नेत आणि म्हणत, ‘तोंड उघड.’ मुलगा अवाक होई आणि त्या नादात तोंड उघडे. काका हनुवटी धरून आतून सगळे दात पाहत, गालाची कातडी बाहेर ओढून पाहत, आणि निकाल देत. एका शिक्षकाच्या मुलाला त्यांनी सांगितलं, की बाबा रे, तू बैल असतास तर मी तुला बाजारात चढू दिला नसता. मुलगा रागारागानं निघून गेला. दोनेक महिन्यांनी तोंड घासूनपुसून परत आला. खर्रा सुटला होता. काकांनी स्वतः त्याचं ‘आहे’ खोडून ‘नाही’ केलं, माझ्या हातून नाही, आपल्या एका बोटानं एकेक अक्षर शोधून.

लोक हसत, चिडत, पण ‘गोठ्या’वर जे लिहिलंय ते खरं असतं अशी ख्याती झाली. मुलीचे बाप पुसदहून, दारव्ह्याहून फोन करून विचारत, दात पाहिले ना डॉक्टरांनी? मला या सगळ्याचा अभिमान वाटे. तो मी काकांना कधी बोलून दाखवला नाही, कारण ते आधीच पुरेसे फुगलेले होते.

सगळ्यात शेवटी आला तो संमतीचा रकाना. त्याचं मूळ एका निकाहात होतं. काकांची जुनी स्कूटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या मुलीचं लग्न होतं आणि काका पंक्तीची वाट पाहत मांडवात बसले होते. तेवढ्यात दोघे-तिघे उठून आत बायकांत गेले, मुलीला विचारायला. बाहेर सगळं थांबलं. मौलवी थांबले, नवरदेव थांबला, स्वयंपाकीही थांबला. ती मंडळी मुलीचा होकार घेऊन बाहेर आली तेव्हा पुढचं सुरू झालं. काका परत आले ते त्याच विचारात. आपल्यात एवढा अंतरपाट धरतात, अक्षता वाटतात, मंगलाष्टकं म्हणतात, आणि ज्या पोरीसाठी हे सगळं, तिला एक प्रश्न विचारायला कोणाला सुचत नाही. दुसऱ्याच दिवशी मुलींच्या फॉर्ममध्ये ‘मुलीची संमती’ आली. मुक्याचं उत्तर, ‘नाही’.

हा रकाना बदलायचा नियम वेगळा होता. मुलीनं स्वतः यायचं. खोलीत फक्त ती आणि मी. बरोबरचे बाप, मामा, चुलते, सगळे बाहेर ओसरीवरच्या बाकावर. मी विचारायचं, ती सांगेल ते लिहायचं. दार लावलेलं असे. मला आधी हे नाटक वाटलं, पण पहिल्याच मुलीनं मला विचारलं, की ‘नाही’ राहू दिलं तर घरी कोणाला कळवाल का? मी म्हटलं, कळवायचं काय, ते आधीपासून तसंच आहे. ती इतकी मोकळी हसली, की पुढे मी त्या नियमाला कधी नाटक म्हटलं नाही. ती मुलगी सहा-सात महिन्यांनी आपणहून आली आणि ‘हो’ लिहून गेली, दुसऱ्याच मुलासाठी.

काकांच्या मुलीची वेळ आली ती यानंतर. ती यवतमाळला औषधांच्या एका दुकानात फार्मासिस्ट होती, सुट्टीला घरी यायची. काकांच्या मनात तिच्यासाठी एकच घर होतं, पांढरकवड्याच्या भाऊंचं. भाऊ काकांचे नोकरीच्या सुरुवातीचे सोबती. पांढरकवड्याच्या दवाखान्यात दोघांनी एका खोलीत दिवस काढले, एका डब्यात जेवले. भाऊंनी नंतर नोकरी सोडून हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान टाकलं. काकांना एकदा सापानं चावलं, तेव्हा भाऊंनी त्यांना एका ट्रकच्या केबिनमध्ये मांडीवर घेऊन नागपूरला पोचवलं होतं. काका म्हणत, मी त्या माणसाच्या मांडीवर दुसऱ्यांदा जन्मलो. भाऊंचा मुलगा इंजिनीअरिंग करून दुकानच पाहत होता. शांत, कामाला पक्का. ‘दात लहानपणापासून पाह्यले आहेत मी त्याचे’, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र काकांकडे नव्हतं.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली. घरचंच स्थळ असलं तरी ‘गोठ्या’वर टाकल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा काकांचा हट्ट, म्हणून दोघांचीही माहिती मी टाकली. मुलाचे सगळे रकाने काकांनी उभं राहून भरून घेतले. मुलीच्या संमतीसमोर अर्थातच ‘नाही’ दिसत होतं. पांढरकवड्याहून भाऊंच्या नातेवाइकांचे फोन यायला लागले, की हे काय दिसून राह्यलं. काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, एक शब्द तर आहे बाई, टाक बदलून, त्यांना कुठं कळते. मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, दुसऱ्याच्या पोरीचा शब्द आजवर बदलला नाही, आता घरच्या पोरीचा कसा बदलू? रविवारी ती येतेच आहे, येईल आणि सांगेल. त्यांना रत्तीभर शंका नव्हती. पेढे आणून फ्रीजमध्ये ठेवले होते.

रविवारी ती आली. काका दुपट्टा झटकून बाहेर बाकावर जाऊन बसले, अगदी इतर बापांसारखे. मी दार लावलं आणि विचारलं.

ती म्हणाली, ‘नाहीच राहू द्या.’

मला वाटलं, तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा विचारलं, मुलात काही आहे का?

‘त्याच्यात काही नाही, चांगला आहे तो. मले आताच लग्न नाही करायचं. दुकानात आता कुठं मालक माह्या शब्दानं माल मागवून राह्यले.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘ताई, घरात सगळे तारखेचं बोलले, साडीचं बोलले. हे पहिल्यांदा कोणी विचारलं मले. बाबांनी साऱ्या जगाच्या पोरींसाठी रकाना केला, घरात मात्र माहं उत्तर हो धरूनच चालले.’

ती मागच्या दारानं आत गेली. मी बाहेर आले. काका उठून उभे राहिले होते, हात पुढे, जणू मी त्यांना काही देणार होते. मी सांगितलं. ते जसंच्या तसं सांगितलं, साडीसकट. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. इतका ठाम माणूस, इतका खात्रीचा, आणि क्षणात म्हातारा दिसायला लागला.

‘लिहिलं का तसं?’ त्यांनी विचारलं.

‘लिहायचं काय काका, तसंच आहे.’

‘हो. तसंच आहे.’ त्यांनी दुपट्टा खांद्यावर नीट टाकला. मग म्हणाले, ‘चाल मास्तरीण, गाडी भेटते आत्ता पांढरकवड्याची. ऐकलं तू आहे, मी नाही. साक्षीदार म्हणून चाल.’ काकू दारातून काय काय बोलत होत्या. काका घरात न जाता तसेच निघाले.

एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. भाऊंकडे पोचलो तेव्हा साक्षगंधाच्याच याद्या चालल्या होत्या. भाऊंच्या बायकोनं पाणी आणलं, मुलगा दुकानातून हात पुसत आला आणि दारापाशी थांबला. काकांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. भाऊंना आधी थट्टा वाटली. मग ते भडकले, आणि त्यांचं भडकणं मला खोटं ठरवता येत नव्हतं. नातेवाइकांना सांगून झालेलं, आणि वर ज्याला मांडीवर वाचवलं त्या दोस्तानं दारात येऊन नकार सांगायचा.

‘पोरीले काय समजते?’ भाऊ म्हणाले. ‘अन् तू बाप आहे का कोण आहे तिचा?’

‘बाप आहो म्हणून तर बाहेर बसलो होतो’, काका म्हणाले.

‘माह्या पोरात काय खोट काढली तिनं?’

‘एकही नाही काढली.’

‘मग? इतक्या वर्षांच्या दोस्तीचं काय?’

काकांनी हात जोडले. ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि ते मला अजिबात आवडलं नाही. भाऊंनी तोंड फिरवलं. तेव्हा दारातला मुलगा हळूच म्हणाला, ‘काका, बरंच झालं.’

भाऊ वळले. मुलगा जमिनीकडे बघत होता.

‘तिले तुम्ही विचारलं तरी. माहे दात पाह्यले, जमीन लिहिली, दुकान लिहिलं. मले लग्न करतो का म्हणून अजून कोणं विचारलंच नाही.’

भाऊंच्या हातातली यादी खाली आली. त्यांची बायको पदर तोंडाला लावून आत गेली, हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. काका माझ्याकडे बघायला लागले, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला मी तरी शरमच म्हणेन.

‘मास्तरीण, पोरांच्या फॉर्मात तो रकाना आहे का?’

‘नाही काका.’

‘काहून नाही?’

‘तुम्ही कधी सांगितला नाही.’

चहा झाला नाही. भाऊ निरोप द्यायलाही उठले नाहीत. परतीच्या गाडीत मात्र काकांना बोलणं फुटलं. आपण पोरीला मुकी धरलं आणि पोराला बैल धरलं, असं ते दोनदा म्हणाले. मग स्वतःशीच मान हलवत बसले. घाटंजीचा स्टँड आला तेव्हा त्यांचा निर्णय झालेला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुलांच्या फॉर्ममध्ये ‘मुलाची संमती’ टाकली. मुक्याचं उत्तर, ‘नाही’. एक अडचण होती. असं नवं डिफॉल्ट नव्या स्थळांनाच लागतं. आधीच्या मुलांसमोर तो रकाना कोरा राहत होता, आणि कोरा म्हणजे काय, हे ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं समजून घेतलं असतं. म्हणून प्रत्येक मुलगा उघडायचा, ‘नाही’ ठेवायचं, सेव्ह करायचं. काका शेजारी बसून नावं वाचत गेले. त्यात अर्थात सगळ्यांची चिडाचीड झाली. बापांचे फोन, पोराला कायले विचारायचं, पोरगा कधी नाही म्हणते का? काका प्रत्येकाला एकच सांगत, पाठवा त्याला. आपल्या मुलीशी मात्र ते नीट बोलत नव्हते. ती यवतमाळला निघाली तेव्हा त्यांनी तिची बॅग स्टँडपर्यंत नेली, आणि बस हलताना खिडकीतून विचारलं, की पुढच्या सुट्टीला येते का. विचारलं, सांगितलं नाही. ती येईन म्हणाली.

पांढरकवड्याहून काहीच कळलं नाही. काका रोज दुपारी रस्त्याकडे बघत बसत आणि मी बघते आहे असं दिसलं की स्क्रीन पुसायला लागत.

मग एका सकाळी एक मोटारसायकल दारात थांबली. मुलगा चालवत होता, मागे भाऊ. भाऊ काकांशी बोलले नाहीत. मला म्हणाले, ‘याचं जे काय लिहायचं ते लिहून घ्या बाई’, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले, काकांकडे पाठ करून.

मी मुलाला आत घेतलं, दार लावलं, विचारलं. त्यानं फार विचार केला नाही. म्हणाला, सध्या नाही, दुकानाचं नवं काम मार्गी लागू द्या, मग मीच येऊन सांगीन.

मी बाहेर आले. भाऊंनी मान वर केली. मी सांगितलं, नाही म्हणतो. भाऊ ताडकन उठले. ‘थांबा, मी आत जाऊन समजावतो त्याले’, म्हणत ते दाराकडे निघाले.

काकांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना बाकावर आपल्या अगदी जवळ ओढून घेतलं.

‘बस, भाऊ’, ते म्हणाले. ‘आपलं काम बाहेर बसायचं आहे.’

भाऊंनी हात सोडवायचा प्रयत्न केला, पण फार जोरात नाही. मग ते बसले.